उतरण्याआधी

"स्विच पाडला, फ्यूज खिशात. उतरा," असं वरचा जोडीदार फोनवर म्हणाला आणि नास्तोबाचा पाय काही उचलेना. तळमजल्यावर लिफ्टचा दरवाजा सताड उघडा, समोर काळाकुट्ट खड्डा, डब्याच्या खालच्या स्प्रिंगा तपासायच्या एवढंच काम. एकोणतीस वर्षं पोटासाठी लिफ्टचंच काम केलेलं. वर बाराव्या मजल्यावरच्या मशीनरूममध्ये त्याचा नवा जोडीदार बसलेला. त्याला सगळे रेडिओ म्हणायचे, कारण तो एकदा लागला की बंद करायचं बटण कुणाला सापडलेलं नव्हतं. आणि हा इथे खाली, फोन कानापासून हातभर लांब धरून, शाळेत उभं केल्यासारखा उभा. बाजूने ऑफिसातली माणसं वळसा घालून जिन्याकडे जात होती. एक बाई म्हणाली, "किती वेळ लागेल हो?" तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं की आपण कशाची तरी वाट बघतोय. फोनमधून रेडिओ ओरडत होता, "हॅलो? अहो, मेलात का जिवंत आहात?" नास्तोबाने फोन कानाला लावला. म्हणाला, "आहे." आणि उतरला. पण छातीत काहीतरी हललं ते हललंच. तीन महिने झाले जुना जोडीदार बुवा कामावर येत नाही, तीन महिने रेडिओबरोबर तो खड्ड्यात उतरतोय, आणि आज पहिल्यांदा त्याला कळलं की रोज उतरण्याआधी आपण अजूनही तितकाच वेळ थांबतो. बुवाचं आटपेपर्यंत. आणि आता आटपायला कुणी नाही.

बुवा हे नाव नास्तोबानेच ठेवलेलं. पहिल्याच आठवड्यातलं. दोघं नवे, कंपनीने जोडी लावून दिलेली. त्या काळी बुवा खाली उतरायचा आणि हा वर. धंद्यातला नियम एकच, आणि तो कागदावर कुठे लिहिलेला नाही: लिफ्ट हलू नये म्हणून वरच्याने स्विच पाडायचा, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात घालायचा, आणि जोडीदार खाली असेपर्यंत तो कुणाच्या बापाला द्यायचा नाही. जोडी जमेपर्यंत दोघंही आधी तळमजल्यावर असायचे, खड्डा बघायचे, मग हा वर जायचा. तर त्या पहिल्या दिवशी दरवाजा उघडला आणि तो गडी तिथेच थांबला, डोळे मिटले, आणि पुटपुटायला लागला. डब्यात माशी अडकावी तसा आवाज. नास्तोबाला वाटलं, चक्कर आली की काय. संपल्यावर बुवाने डोळे उघडले, म्हणाला, "हं, झालं. जा तू वर." "काय झालं?" "माझं म्हणणं झालं." "कुणाला?" बुवाने बोट वर केलं. हा म्हणाला, "वर तर मी असतो." बुवा असा हसला की हातातला टॉर्च हलला. "मग तुला आणि त्याला मिळून," म्हणाला. त्या दिवसापासून हा त्याला बुवा म्हणायला लागला, आणि पुढे महिनाभरात याची मतं कळल्यावर त्याने याला नास्तोबा म्हणायला सुरुवात केली. कंपनीत दोन्ही नावं अशी चिकटली की पगाराच्या कागदावरची नावं बघून लोक विचारायचे, हे दोघं कोण?

बुवाचा देव वेगळा, नास्तोबाच्या घरातला वेगळा, आणि नास्तोबाला तर दोन्ही नकोत. डबा खाताना वाद व्हायचे, म्हणजे वाद हाच घालायचा, तो भाकरी चावत ऐकायचा. एकदाच बुवाने उलट सवाल टाकला. म्हणाला, "मी खाली असतो तेव्हा मला तुझा खिसा दिसतो का? फ्यूज त्यात आहे की टेबलावर विसरलास, कळतं का मला? तरी मी त्या तारांना हात घालतोच ना? तसंच आहे ते." नास्तोबा म्हणाला, "मला खिसा तरी आहे. तुझ्या देवाला सदराच नाही, खिसा कुठला?" बुवाने डोक्याला हात लावला, पण हसलाच. त्याला राग यायचा नाही, हीच पंचाईत. ज्याला राग येत नाही त्याच्या अंगावर माणूस दिवसेंदिवस जास्तच धावून जातो.

आता नास्तोबा असा का झाला, तर त्याच्या लहानपणीच्या घरात एक भिंत होती. वडील आणि काका, सख्खे भाऊ, एका घरात राहणारे. दोघांनी देवाला हाक मारायच्या वाटा वेगळ्या धरल्या. आधी जेवताना कुरबुर, मग अबोला, मग एक दिवस गवंडी आला आणि त्याने स्वयंपाकघराच्या बरोबर मधून विटांची भिंत चढवली. चूल यांच्याकडे आली, खिडकी काकांकडे गेली. त्या दिवसापासून यांच्या अर्ध्यात धूर कोंडायचा आणि तिकडच्या अर्ध्यात उजेड असून रांधायला चूल नव्हती. आई डोळे पुसत स्वयंपाक करायची आणि कुणाला कळायचं नाही की ते धुराने की कशाने. पुढे काकू आजारी पडली. पलीकडून भिंतीवर थाप यायची, दोन वेळा, मग थोडं थांबून एक वेळा, ती जावाजावांची जुनी खूण, म्हणजे "जरा येतेस का?" वडील ताटावरून म्हणायचे, "उठायचं नाही." आई उठायची नाही. नुसता तळवा भिंतीला लावून बसायची. तिसऱ्या दिवशी थाप आली नाही. नास्तोबा तेव्हा नऊ वर्षांचा. त्याने आईच्या तळव्याकडे बघून मनाशी ठरवलं की ज्याच्यामुळे हे होतं तो असला तरी आपल्याला नको. असा सोपा हिशोब. नऊ वर्षांच्या पोराचा हिशोब, आणि तो त्याने साठीला टेकेपर्यंत पुन्हा तपासला नाही. गंमत बघा, भिंतीचा राग धरून बसला, आणि हातात जन्मभर वीट.

दुपारी काम आटपून त्याने रेडिओला सांगितलं, मी चाललो. रेडिओ म्हणाला, "बुवाकडं ना? माझा नमस्कार सांगा. म्हणावं, आवाज गेला म्हणून काही बिघडत नाही, मी दोघांचं बोलतो." नास्तोबाला हसू आलं आणि जिन्यातच ते विरलं. बुवाच्या घशात गाठ निघाल्याला तीन महिने. आधी आवाज बसला, मग नळी घातली, मग आवाज गेलाच. आणि आज चार वाजता मोठं ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, इकडे किंवा तिकडे. सकाळी वहिनींचा फोन आला होता, वहिनी म्हणजे बुवाची बायको. "भाऊजी, आत नेण्याआधी यायला सांगतायत तुम्हाला. पाटीवर दोनदा लिहिलं." रस्ताभर दवाखान्याकडे चालताना त्याला एकच दिसत होतं: काचेचा चकचकीत दर्शनी हॉल, बाहेर रणरणतं ऊन, आणि आतल्या संगमरवरावर ते ऊन असं पडलेलं की डोळे दिपावेत. अकरा वर्षांपूर्वीचा तो हॉल. त्या दिवशी तीन ठिकाणी जायचं होतं, साहेबाचे फोनवर फोन, म्हणून स्विच पाडून, फ्यूज खिशात घालून नास्तोबा घाई करायला स्वतःच खाली आलेला. दरवाजा उघडला, बुवाने डोळे मिटले, आणि निम्म्यातच नास्तोबा बोलला, "आटप की रे बुवा. तुझा देव काय पळून चाललाय?" हॉलमधला पहारेकरी फिसकन हसला. बुवाने डोळे उघडले. हसला तोही, जरासा, ओशाळल्यासारखा. "झालं, झालं," म्हणाला, आणि त्याने पाय आत टाकला. भिंतीला ठोकलेली लोखंडी शिडी जिथे असेल असं वाटलं तिथे ती नव्हती, वीतभर डावीकडे होती. तो स्प्रिंगेवर पडला. मांडीच्या हाडाचा आवाज हॉलमध्ये ऐकू आला. ओली फांदी मोडावी तसा.

सात महिन्यांनी बुवा कामावर आला तो उजवा पाय दीड इंच आखूड घेऊन. जाड तळाचा बूट घालून. कंपनीने त्याला वरचं काम दिलं, नास्तोबा खाली गेला. पहिल्या दिवशी बुवा फोनवर म्हणाला, "थांब हं, एवढ्यात उतरू नकोस. आता तुझ्यासाठी म्हणतो." नास्तोबाने शिवी गिळली. त्या पायाकडे बघून काय बोलणार? माशीचा आवाज फोनमधून यायला लागला तसा त्याने फोन लांब धरला आणि वैतागून खड्ड्यात बघत राहिला. आधी नुसतं काळं. मग काळ्यात करडं. मग शिडीची वरची पायरी, दुसरी, तिसरी, खालची स्प्रिंग, कुणाचा तरी पडलेला पेन. माशी थांबली तेव्हा सगळा खड्डा स्वच्छ दिसत होता. हे कळायला शाळा लागत नाही. सिनेमा सुरू झाल्यावर आत शिरलेल्या कुणालाही विचारा. डोळ्यांना अंधारात बसायला वेळ लागतो. आणि बुवाचं म्हणणं अगदी तेवढंच लांब होतं. पडला त्या दिवशी उन्हातून आलेला बुवा तेवढं थांबला असता तर त्याला शिडी दिसली असती. टॉर्च कमरेलाच होता, पण बुवाने खाली पोचण्याआधी तो कधी लावलाच नव्हता, त्याची गरजच पडत नव्हती. नास्तोबा त्या पहिल्या दिवशी खाली स्प्रिंगेजवळ बसून राहिला. वरून बुवा विचारत होता, "ठीक ना रे?" हा म्हणाला, "ठीक."

सांगणार होता तो. खरंच सांगणार होता. पण त्याच संध्याकाळी डबे धुताना बुवा आपण होऊन म्हणाला, "त्या दिवशी माझंच चुकलं बघ. अर्ध्यात सोडलं मी त्याला. माणसाशी बोलता बोलता असं पाठ फिरवून जात नाही कुणी. लाजलो मी त्या पहारेकऱ्यापुढं. वरच्याला लागलं असणार ते." नास्तोबा म्हणाला, "असला तर लागेल ना." बुवाने डबा पालथा घातला. आणि नास्तोबाला बरं वाटलं. हे त्याचं त्यालाच ठाऊक, बरं वाटलं त्याला. ज्याला जन्मात मानलं नाही त्याच्याच डोक्यावर आपलं पाप आयतं जाऊन बसलं होतं. मग आज सांगू, उद्या सांगू. सांगायचं तर दोन गोष्टी सांगाव्या लागणार: तुझा पाय मी मोडला, आणि तू ज्याला म्हणणं म्हणतोस ते डोळे सरावण्याचं काम आहे. पहिली सांगायला छाती नव्हती. दुसरी तर तो एरवी रोज ओरडून सांगत आला होता, पण आता पुरावा हातात असताना जीभ उचलेना. दहा वर्षं रोज सकाळी फोन हातभर लांब धरून तो उभा राहायचा. ती माशी ऐकायची नव्हती त्याला.

वहिनी बाहेर बाकावर बसल्या होत्या. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीतून तो जाड तळाचा बूट डोकावत होता. "या भाऊजी," त्या म्हणाल्या, "जा आत. जरा हसवा त्यांना. सकाळपासून तोंड पाडून बसलेत." आत बुवा उशीला टेकून बसला होता, गळ्यात नळी, अंगावर दवाखान्याचा ढगळ सदरा. मांडीवर पांढरी पाटी आणि पेन. नास्तोबाला बघून त्याने लिहिलं: "बूट काढून घेतला. आता पळताही येत नाही." नास्तोबा म्हणाला, "बूट असताना तरी कुठं धावत होतास?" बुवाचे खांदे हलले. मग त्याने पाटी पुसली, बराच वेळ पेन तसाच धरला आणि लिहिलं: "एक विचारतो. हसायचं नाही." नास्तोबा म्हणाला, "हसत नाही." बुवाने सावकाश, एकेक अक्षर शाळेतल्यासारखं काढलं: "तो अजून रागावलेला असेल का?"

"कोण?" असं नास्तोबा म्हणाला, उगाच, वेळ काढायला. बुवाने पेनाचं टोक वर केलं. हा प्रश्न दुसऱ्या कुणाला विचारला असता तर माणूस म्हणाला असता, छे, तो कशाला रागावेल, तो दयाळू आहे. पण बुवाने मुद्दाम यालाच विचारलं होतं. कारण हा खोटं बोलणार नाही अशी त्याची खात्री होती. एकोणतीस वर्षांत याने देवाच्या बाबतीत एकदाही खोटं बोलून त्याची समजूत काढलेली नव्हती. नास्तोबाच्या मनात आलं, म्हणावं, नाही रागावलेला. दोन शब्द. काय जातं? आणि मग त्याला दिसलं की हा माणूस अकरा वर्षं या भीतीत लंगडत चाललाय, आणि तीच भीती घेऊन आता आत जाईल. दुसऱ्याच्या चुकीची भीती. त्याने खुर्ची जवळ ओढली.

"बुवा, तू अर्ध्यात सोडलं नाहीस. मी सोडायला लावलं. रागावायचं असेल तर माझ्यावर रागावू दे त्याला. पण तसंही नाहीये ते. ऐक. उन्हातून आलं की डोळ्यांना अंधारात काही दिसत नाही. थोडा वेळ लागतो. तू म्हणत उभा राहायचास ना, तेवढ्यात डोळे सरावायचे. म्हणून तुला शिडी रोज सापडायची. त्या दिवशी मी घाई केली, तुला थांबू दिलं नाही, म्हणून सापडली नाही. एवढंच आहे ते. राग नाही, लोभ नाही. कुणाचाच नाही. माझी घाई होती."

बोलून झाल्यावर त्याला हलकं वाटेल असं वाटलं होतं. बुवा पाटीकडे बघत राहिला. मग लिहिलं: "हे तुला कधी कळलं?"

नास्तोबाने खाली मान घातली. "तू परत आलास त्या दिवशी."

बुवाने बोटांवर मोजलं नाही, पण मोजतोय हे दिसत होतं. त्याने चादरीच्या टोकाने पाटी पुसली. पुसून स्वच्छ झाली तरी पुसत राहिला. नास्तोबा म्हणाला, "शिवी दे. लिहून दे." बुवाने पेनाला टोपण लावलं.

तेवढ्यात दोन माणसं ढकलगाडी घेऊन आली. वयस्कर माणूस म्हणाला, "चला काका, वेळ झाली." बुवाने तळवा वर करून त्यांना थांबवलं आणि डोळे मिटले. तो माणूस भला होता. म्हणाला, "सावकाश होऊ द्या, घाई नाही." गाडीचं चाकसुद्धा हललं नाही. खोलीत एवढी शांतता की नळीतून हवा जातायेताना ऐकू येत होती. नास्तोबा भिंतीशी उभा राहून त्याच्या ओठांकडे बघत होता. ओठ जुळले. पहिल्या अक्षरासाठी जुळतात तसे जुळले, आणि तिथेच राहिले. बुवाने डोळे उघडले. वर दिव्याकडे बघितलं, मग दाराकडे, मग कोपऱ्यातल्या सावलीकडे, जणू आता जास्त दिसतंय का हे ताडून बघतोय. पुन्हा मिटले. पुन्हा ओठ जुळले. काही नाही. नास्तोबा भिंतीपासून पुढे आला. "बुवा," तो म्हणाला, "म्हण ना. मी बोललो ते सोड. मला काय कळतंय? मी फिटर माणूस. म्हण तू. कुणी घाई करत नाहीये." बुवाने त्याच्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. राग असता तर नास्तोबाने तो घट्ट धरून ठेवला असता. त्याने नास्तोबाच्या मनगटावर दोन वेळा थोपटलं आणि गाडीवाल्यांना खूण केली, चला.

दार झुलत बंद झालं. बाहेर वहिनी उभ्या होत्या, बुवाच्या कपाळावरून हात फिरवून झाल्यावर तो हात तसाच हवेत राहिलेला. दोघं बाकावर बसले. नास्तोबाचं डोकं चालत होतं, एखादी लिफ्ट अडली की चालतं तसं. याचं म्हणणं राहिलं. दुसऱ्यांदा राहिलं, आणि दोन्ही वेळा आपल्यामुळे. आता आत त्याला बेशुद्ध करतील. मग त्याच्या वतीने आपण म्हणावं. आपला विश्वास नसला तर नसला. पत्र पेटीत टाकणाऱ्याला मजकूर कुठं पटावा लागतो? पत्ता असो नसो, टाकून यायचं. नुसते शब्द पाहिजेत. त्याने कान देऊन आठवायचा प्रयत्न केला. सुरुवात कशी व्हायची? शेवट कसा? माशीचा आवाज आठवला, लांबी आठवली, मधे एकदा बुवा श्वास घ्यायचा ती जागा आठवली. शब्द एकही नाही.

"वहिनी," तो म्हणाला, "बुवा कामाला हात घालण्याआधी काहीतरी म्हणायचा. त्यात काय काय असायचं हो? मला सांगा, मी म्हणतो."

वहिनींनी त्याच्याकडे नवल करून बघितलं. "मला कुठलं ठाऊक, भाऊजी? त्यांनी स्वतःच जुळवलं होतं ते. घरी कधी म्हणाले नाहीत. मी मागं लागले एकदा, मला शिकवा म्हणून, तर म्हणाले, ते कामावरचं आहे, आमच्या दोघांतलं." त्यांनी पिशवी जवळ ओढून घेतली. "मला वाटायचं, दोघं म्हणजे ते आणि तुम्ही. एवढी वर्षं तुम्ही तर रोज ऐकत होता ना?"